झुकणारी गाडी

"झुकली! झुकली!" मैदानावर एकच गलका उठला.

गाडी मोठी, काळी, नुकती पुसलेली. आत कोणी नाही, इंजिन बंद. समोर हात जोडून उभी असलेली म्हातारी रडत होती आणि गाडीचं नाक तिच्यापुढे सावकाश वीतभर खाली आलं होतं. वीस पावलांवर खुर्चीत बसलेल्या स्वामींनी दोन्ही तळवे सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

"आम्ही काही केलं नाही. वाहनाला प्राण आहे, ते शुद्ध माणूस ओळखतं. आजी, तुमचं दुखणं गेलं. आता गोळ्यांचं विष पोटात घालू नका."

मी तिसऱ्या रांगेत होते. खुर्चीत मला बसवत नव्हतं. शेजारी माझी ताई पाण्याची तिसरी बाटली तोंडाला लावून बसली होती. ताईला मधुमेह. अठरा वर्षं दोन वेळचं इन्सुलिन चुकलं नव्हतं. रविवारी हीच गाडी तिच्यापुढे झुकली आणि तिनं सुया कचऱ्यात टाकल्या. आज चौथा दिवस.

"ताई, दवाखान्यात चल. तुझा श्वास बघ कसा चाललाय."

"शुद्धी चाललीय अंगात. स्वामी म्हणालेच होते, त्रास होईल. तू गप्प बस गं, लोक बघतायत."

मी कसली गप्प बसणार! मी शहर बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन आहे. गाडी झुकली तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले. मी कान टवकारले. फुस्स असा बारीक आवाज आला होता. हा आवाज मी रोज ऐकते. थांब्यावर म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून आमच्या बसही अशाच दाराकडे झुकतात. स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात. हवा सोडली की बस खाली, भरली की वर. आमच्या बससाठी कोणी हार आणत नाही, एवढंच.

मी मोजायला लागले. पाच भक्तांपुढे गाडी झुकली आणि स्वामी म्हणाले, "आता सगळे डोळे मिटून गाऊ या." लाउडस्पीकर दणाणला. सगळ्यांनी डोळे मिटल्यावर मी उठले आणि गाडीच्या मागच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा थरथरत होता. आत कॉम्प्रेसर टाकीत हवा भरत होता आणि त्याची घरघर झाकायला शंभर माणसं गात होती.

पण बटण कोण दाबत होतं? स्वामींचे हात तर मोकळे. मी भिरीभिरी नजर फिरवली. मांडवाच्या खांबाला टेकून पांढऱ्या कपड्यांतला ड्रायव्हर उभा होता. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर अपार भक्ती आणि उजवा हात खिशात.

मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. ताईला उलटी झाली होती. मी तिला सावरलं.

"आता तरी चल!"

"एकदा... एकदा परत झुकू दे. मग येते."

तिला ओढून नेलं असतं, तर ती जरा बरं वाटताच पुन्हा इथंच आली असती. मी ओरडले, "स्वामी, माझ्या बहिणीपुढे आणखी एकदा झुकवा!"

"झुकणारच," स्वामी हसले. "ये मुली, उभी राहा."

ताई लटपटत गाडीपुढे गेली. पहिल्या रांगेतून उठून आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी तिला धरलं. मी मात्र तरातरा ड्रायव्हरकडे गेले. "दादा, केवढं भाग्य तुमचं, रोज या गाडीची सेवा करता!" म्हणत त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि घट्ट धरले. पाना फिरवून फिरवून माझी बोटं पक्कडीसारखी झालीत.

"हे वाहना, ओळख या जीवाला!" स्वामी गरजले.

गाडी ढिम्म.

"ओळख!"

ड्रायव्हर हात सोडवायला धडपडत होता. "अहो बाई, सोडा..."

"इथं कोणाच्या मनात शंका आहे!" स्वामींचा आवाज चिरकला.

"आहे ना, माझ्या मनात," मी म्हटलं. "मी यांचे हात सोडते. तुम्ही गाडीकडे नका बघू, यांच्या खिशाकडे बघा."

मी हात सोडले. सवयीनं म्हणा, घाबरून म्हणा, त्याचा हात खिशात गेला. फुस्स! गाडी झुकली.

मग शिंपीकाकांनी ताईला खुर्चीत बसवलं, ड्रायव्हरच्या खिशातून आगपेटीएवढा रिमोट काढला आणि दाबला. गाडी उठली. पुन्हा दाबला. गाडी झुकली, ती नेमकी समोरून जाणाऱ्या एका कुत्र्यापुढे. कोणीतरी खो खो हसलं. काका हसले नाहीत.

"मी दोनदा रडलो हिच्यापुढे," ते म्हणाले. "बायकोची हृदयाची गोळी बंद केली मी."

त्यांनीच डिकी उघडायला लावली. मी गालिचा उचलला. एका बाजूला कंपनीचा कंट्रोलर, नीटनेटका. शेजारी काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला दुसरा.

"हा पहिला गाडी सपाट ठेवतो," मी सांगितलं. "यांनी त्याच्या वायरी मधेच कापून हा दुसरा घुसवलाय. बटण दाबलं की पहिल्याचं काही चालत नाही; दुसरा पुढच्या फुग्यांतली हवा सोडतो. पुन्हा दाबलं की पहिला बिचारा इमानानं गाडी सरळ करतो. यात प्राण नाही. हवा आहे."

"यंत्र हे केवळ निमित्त..." स्वामी म्हणू लागले. तेवढ्यातही दोघं त्यांच्या पाया पडलेच. त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता. ताईला रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर अवघड होतं. तीन दिवस सलाईन चालू होतं. ताई बोलायला लागली तेव्हा आधी भिंतीकडे वळून रडली.

"पण मला खरंच बरं वाटलं होतं गं त्या दिवशी. खोटं नव्हतं ते."

"बरं वाटलं ते खरं होतं. बरी झाली नव्हतीस."

"मूर्ख ठरले मी."

"नाही. अठरा वर्षं सुया टोचून कंटाळली होतीस. त्यांनी तो कंटाळा हेरला."

म्हणून हे लिहिते आहे. चमत्कार दिसला तर डोळे मिटू नका, उघडे ठेवा. आवाज कुठून येतो, कोणाचा हात कुठे आहे, मधेच गाणं का लावलं, हे मोठ्यानं विचारा. विचारल्यानं खरं असेल ते मोडत नाही. आणि गाडी झुको, डोंगर झुको, डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. शिंपीकाकांची बायको वाचली नाही.