डावा हात करदोड्यात

लाउडस्पीकरच्या मशीनवाल्याला कशाची आलीय भीती, कर्णा बांधायचा आन बटण दाबायचं, असं लोक म्हणतात. असं म्हणणाऱ्याला एकदा चालू मशीनच्या उघड्या पोटासमोर बसवावं. आत चारशे व्होल्ट असतात आणि ते दिसत न्हाईत.

माझे उस्ताद शांतलिंग, मुरुमचे. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, बाकीचं मी जळालेल्या मशीनी उघडून शिकलो. चालू मशीनमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात लागले की वीज छातीतून जाते. माझ्या पायजम्याला खिसा नव्हता, म्हणून मी डावा हात पाठीमागं करदोड्यात अडकवायचो. उस्तादांच्या सदऱ्याला दोन खिसे होते. तरी एका लग्नात घाईघाईत दोन्ही हात आत घालून बसले, आणि बसूनच राहिले. मी काठीनं ढकलून त्यांना बाजूला केलं तेव्हा जीव गेला होता. तेव्हापासून मशीन उघडली की मला भीती वाटते. लाज वाटत न्हाय सांगायला.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी बब्रुवानतात्यांच्या लाउडस्पीकरवर कामाला होतो. त्यांच्या मशीनचे मोठे दोन व्हॉल्व्ह, दिव्यासारख्या काचेच्या नळ्या, गेले. सोलापूरहून आणलेले नवे व्हॉल्व्ह दुसऱ्याच कंपनीचे निघाले. व्हॉल्व्हला एक उलटा दाब लागतो, आमच्यात त्याला बायस म्हणतात. बैलाची वेसण समजा. वेसण ढिली पडली की व्हॉल्व्ह बेफाम वीज ओढतो, आतला पत्रा लाल होतो आणि थोड्या वेळात सगळं जळतं. कंपनीनं ही वेसण जुन्या व्हॉल्व्हच्या मापानं कायमची बांधून दिली होती. नव्यांना ती ढिली पडली. म्हणून मी आत एक फिरता कंट्रोल बसवला. पेचकसानं फिरवला की वेसण हवी तेवढी आवळता यायची. कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच केलं. मशीन गायला लागली आणि मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

त्यात एक रेझिस्टन्स, वीज अडवणारा बारका तुकडा, लावायचा राहिला होता. कंट्रोलमधली फिरती पाती घाणीनं उचलली गेली तर वेसण सुटायच्या ऐवजी आवळावी, यासाठी तो लावतात. मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, आणि आमच्या शाळेत निजामाची उर्दू होती, तीही मास्तर आले तर.

चैत्री यात्रेला आम्ही येरमाळ्याला गेलो. येडेश्वरीची पालखी आमराईत येते तेव्हा लोक रानातनं चुनखडीचे खडे वेचत चालतात. आम्ही आमराईच्या कडेला लिंबाखाली टेबल मांडलं, जनरेटर लांब ठेवला. बायस सारखा बघावा लागे म्हणून मी मशीन आडवी ठेवली होती, खालचा पत्रा काढून. पोट माझ्याकडं उघडं.

मी झाडावर कर्णा बांधत होतो तेव्हा तात्यांनी नारळ फोडला. दर यात्रेला बटण दाबायच्या आधी ते मशीनची पूजा करत. एरवी हळदकुंकू पत्र्यावर लागायचं. त्या दिवशी पोट उघडं दिसलं, तर तात्यांनी मशीनच्या जिवालाच बोट लावलं आणि नारळाचं पाणी शिंपडलं. खाली उतरलो तर कंट्रोलवर कुंकवाचा चिखल. मी वरवर फडक्यानं पुसला. तात्यांना बोललो न्हाय. बोलायला पायजे होतं.

दुपार कलल्यावर गजराबाई आली. कळंबकडची मेंढरंवाली बाई, ओच्यात चुनखडी, डोळे फाटलेले. खडे वेचताना मान खाली होती तेवढ्यात हिरव्या परकरातली तिची पाच वर्षांची मथुरा गर्दीत हरवली होती. आमराईच्या पलीकडं एक विहीर आहे, कठडा नसलेली. बाईला ती ठाऊक होती. ती सारखी तिकडंच बघत होती.

तात्यांनी तिच्या हातात माईक दिला. पोरीला गावाचं नाव सांगता येत नव्हतं, आईचा आवाज तेवढा ओळखीचा, म्हणून आईनंच हाका मारायच्या असं ठरलं.

"मथे, म्या हाय इथं. आवाज येतोय तिकडं ये. थांबू नगंस."

ती बोलत राहिली. कर्ण्यातनं तिचा आवाज आमराईवर पसरला. आणि माझी नजर व्हॉल्व्हवर गेली. एकाच्या आत काळा पत्रा होता, त्यावर शेंदरासारखा ठिपका उमटला होता. बघता बघता दुसऱ्यातही. नारळाचं पाणी वाळलं होतं, कुंकू चिकटलं होतं, पाती उचलली गेली होती.

मी तात्यांना म्हणालो, मशीन बंद करू, पंधरा मिनिटांत पुसून चालू करतो.

तात्यांनी बाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पोरगी आवाज धरून येत आसल, गोरोबा. आवाज तुटला तर कुणीकडं वळल ती?"

"मग व्हॉल्व्ह जळतील. तेव्हाबी तुटलच."

"मग तुझी ती करामत कशाला हाय? फिरव की."

डावा हात करदोड्यात अडकवला. उजव्या हातात पेचकस. त्याची लाकडी मूठ चिरलेली, आणि माझा तळवा घामानं भिजलेला. कंट्रोलपासून दोन बोटांवर चारशे व्होल्टचा सांधा. मी पेचकस घातला, दाबला. पाती टेकली, लाली उतरली. जरा सैल सोडला की परत चढली. म्हणजे फिरवून भागणार नव्हतं, दाबूनच धरायचं होतं. पोरगी येईपर्यंत.

किती वेळ, मला माहीत न्हाय. घाम नाकावरून ओघळत होता, तो आत पडू नये म्हणून मान वाकडी केली. डोळ्यांपुढं उस्ताद बसलेले, दोन्ही हात आत. बाईचा आवाज बसत चालला होता. "मथे, ये गं," एवढंच उरलं होतं. पालखीचे हलगीवाले जवळ येत होते. त्यांच्या दणक्यात तिची हाक बुडाली तर सगळंच बुडालं.

आणि मथुरा आली. गर्दीच्या पायांतनं, मुठीत खडे घेऊन. आईची पाठ तिच्याकडं होती. पोरीला आई दिसली न्हाय, माझ्या पुढ्यातले दिवे दिसले. लाल, पिवळे. ती नीट टेबलाजवळ आली आणि घामानं भिजलेला आपला मळका हात तिनं मशीनच्या पोटाकडं नेला.

मी ओरडलो. हलगीत कुणाला ऐकू गेलं न्हाय. डावा हात सोडवून तिला ढकलता आलं असतं. आज सांगतो, तो हात निघालाच न्हाय. इतक्या वर्षांची सवय म्हणा, भ्याडपणा म्हणा. उजवा कंट्रोलवर, डावा पाठीशी, आणि तिची बोटं वीतभरावर.

मी लाथ मारली. छातीत बसली. पोरगी मागं जाऊन धुळीत पडली, खडे उधळले.

गजराबाई वळली ती नेमकी तेव्हाच. तिनं माईक टाकला आणि पोरीवर झडप घातली. लोकांनी मला टेबलापासून ओढलं. पेचकस सुटला. मार खाताना मला वास आला, आधी मेणाचा, मग रबराचा. कर्ण्यातनं एक घोगरा आवाज निघाला आणि मशीन मेली. तात्यांनीही एक थोबाडीत ठेवली. लेकराला लाथ मारणाऱ्याला कोण सोडील?

मी सांगत होतो, आत वीज होती. कुणी ऐकेना. बाई पोरीला काखोटीला मारून निघाली. जाताना थांबली, माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या हातांला काय झालं हुतं रं?"

डावा हात अजून करदोड्यातच होता.

पुढच्या यात्रेच्या आधी मी सोलापूरला विचारून तो रेझिस्टन्स लावला, खालचा पत्रा बसवला आणि वरून तार गुंडाळली. तात्यांनी नारळ फोडला, पत्र्यावर कुंकू लावलं. यात्राभर मी गर्दीत हिरवा परकर शोधत होतो. दिसला असता तर मी टेबलाखाली लपलो असतो.