बाईंचे चार चित्रपट, मी न पाहिलेले

मी तंबूतल्या टॉकीजचा पडदा बोलतोय. सांगलीच्या पेठेत जाड मांजरपाट शिवून मला बनवलं, आणि माझे मालक लालासाहेब मला फलटण, कडेगाव, शिरवळ असे फिरवायचे.

चित्रपट माझ्या अंगावर होतात, मला दिसत नाहीत. स्वतःचं कपाळ कुणाला दिसतं? मला दिसतात समोरची तोंडं. तेवढ्यावर मी परीक्षण करतो, आणि ते वर्तमानपत्रवाल्यांपेक्षा फारसं चुकत नाही.

स्वभावानं मी भित्रा. वारा सुटला की भ्यायचं, विडी पेटली की भ्यायचं. शहात्तर साली कडेगावात लालासाहेबांनी एका नावाजलेल्या नटीचे चार चित्रपट ओळीनं लावले, तेव्हा मात्र खरी भीती कळली. तिचं नाव सांगत नाही. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे.

पहिल्यात बाई देवी झाल्या. बायकांनी चपला तंबूबाहेर काढल्या. धोंडुबाई नावाची एक ठसठशीत म्हातारी थेट माझ्यापुढं येऊन कापूर पेटवू लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं! चित्रपट भक्तीनं ओथंबलेला, पण कापडाला धोक्याचा, असं माझं मत पडलं.

दुसरा तमाशाचा. बाई नाचल्या आणि पुरुषांच्या बाजूनं नाणी आली. एक मला भोक पाडून गेलं. बायका पदराआड हसत होत्या. धोंडुबाई म्हणाल्या, "देवी हुती तवा बरी हुती." गाणी झकास, प्रेक्षक नेमबाज.

तिसरा घरगुती, रडका. या वेळी धोंडुबाईंनी सुनेला, बनाबाईला, सोबत आणलं. बना माळावरच्या वाडीतली पोर. जन्मात पहिल्यांदा पिक्चर पाहत होती. "बघ, सासुरवाशिणीनं कसं सोसायचं आसतं," सासूनं तिला बजावलं.

छळाला कंटाळून बाईंनी विहिरीत उडी टाकली आणि सगळा तंबू रडला. धोंडुबाईंनी तर पडद्यावरच्या सासूला शिव्यांची लाखोली वाहिली. "मुडदा बशिवला सटवीचा, लेकराला किती छळती गं!" आणि त्याच दमात बनाला कोपर मारलं, "पाणी दे की, ठोंबे!" माझ्यावरच्या उजेडात बनाच्या मनगटावरचे उलथन्याचे चटके मला दिसले.

बना तेवढी रडत नव्हती. टक लावून बघत होती, अनोळखी गावची वाट नीट समजून घ्यावी तशी.

बाहेर पडताना तिनं बायकांच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या सुलाबाईला हळूच विचारलं, "मावशी, तिला लय दुखलं आसंल का वो?"

"कुणाला गं?"

"हिरीत पडली तिला."

तेवढ्यात सासूची हाक आली आणि ती गेली. मी थरथरलो. लालासाहेब गड्यांना म्हणाले, "वारं सुटलंय रं, दोर आवळा."

चौथा चित्रपट लागेपर्यंत मला चैन नव्हतं. गावात कुठं आरडाओरडा झाला की वाटायचं, झालं, पोरीनं विहीर गाठली! आणि मी सांगणार तरी कुणाला?

चौथा विनोदी. धोंडुबाई एकट्याच आल्या. शेजारची जागा रिकामी. लोक खो खो हसू लागले आणि मी भीतीनं गार पडलो. मग कनात सारून बना आत आली, घरची भांडी आटपून, ओल्या हातांनी. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओरडली, "आगं बया! ही तर मेली हुती की!"

तंबूभर हशा पिकला. सुलाबाई तेवढी हसली नाही. त्या दिवशीचा प्रश्न तिला आत्ता कळला असावा. ती बनाला बिलगून बसली आणि म्हणाली, "आगं येडे, ती खोटी मरती. मेली तरी तिला दुसरं पिक्चर हाय. आपल्याला कुठलं?"

बना हमसून हमसून रडली.

"आगं, हसायचं हाय ह्ये!" धोंडुबाई खेकसल्या.

"आत्याबाई, मी उद्या म्हायारला जाती," बना म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

सकाळी सुलाबाईनं तिला एस.टी.त बसवून दिलं. तो चौथा चित्रपट कसा होता, ते मला विचारू नका. माझं लक्षच नव्हतं.

आता टॉकीज मोडलं. लालासाहेबांच्या खळ्यावर मी ज्वारीची रास झाकत पडलेला असतो. भीती मात्र गेलेली नाही. बना गाडीत बसली, एवढंच मला ठाऊक. माहेरची माणसं समजूत घालून लेकींना कशी परत धाडतात, हे मी समोरच्या तोंडांवरून पुष्कळदा वाचलंय. म्हणून विनवतो. तुमची लेक अशी अवचित एकटीच दारात उभी राहिली, तर 'किती दिवसांसाठी आलीस' असं तिला विचारू नका.