दोन कॅमेऱ्यांची चांदमारी

लालासाहेब चोवीस वर्षं फौजेत होता आणि फौज सोडून त्याला जवळपास तेवढीच वर्षं झाली होती, पण फौजेनं काही त्याला सोडलं नव्हतं. घरात नवा टीव्ही आला तेव्हा त्यानं तो रायफल रोखायच्या तिन्ही तऱ्हांनी, उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि सोप्यात पालथं पडून तपासला होता. उसाची सरी वाकडी पडली की एक डोळा झाकून बांधावरून ओरडायचा. असल्या माणसानं सांगलीला जाऊन, विश्रामबागेतल्या उदयसिंहच्या दुकानातून दोन जुने कॅमेरे आणावेत आणि ते पिशवीतून बाहेरही काढू नयेत, हे त्याच्या सुनेला, रेश्माला, काही पटेना.

उदयसिंहकडे जुन्या कॅमेऱ्यांना तोटा नाही. लग्नाचे फोटोवाले दर दोन वर्षांनी नवा घेतात आणि जुना त्याच्याकडे टाकून जातात. त्यानं लालासाहेबासमोर दोन ठेवले होते, एक मोठा आणि एक बारका, दोन्हींना लांब नळीची लेन्स. किंमत सारखीच. लालासाहेबाला निवडता येईना तेव्हा तोच म्हणाला, "काका, दोन्ही घेऊन जा. घरी वापरून बघा. जो हाताला बसेल तो ठेवा, दुसरा मंगळवारी आणून द्या."

हाताला बसेल, हेच शब्द लालासाहेबाला बोचले होते. कारण गेली दोन वर्षं त्याचा हात कशालाच बसत नव्हता. आधी उजवा थरथरायला लागला, मग डावाही. चहाचा कप उचलला की निम्मा बशीत. दाढी न्हावी करायचा, सही करायची वेळ आली की चष्मा विसरल्याचं सोंग. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. रेजिमेंटच्या फायरिंग टीममध्ये ज्याच्या नेमाची पैज लागायची, त्यानं हे ऐकून घेतलं आणि दोन्ही हात खिशात घातले. तेव्हापासून ते बहुतेक खिशातच असायचे. घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

त्याच्या मनात एकच गोष्ट होती. ऊस तुटला की मोकळ्या रानावर एक कापशी घार यायची. कावळ्यापेक्षा बारकी, पांढरी-राखी, लाल डोळ्यांची. ती हवेत एका जागी थांबायची आणि खाली उंदीर शोधायची. तिचा एक फोटो काढायचा, सरळ, नेमका, आपल्या हातानं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर दोन्ही कॅमेरे परत, आणि पुन्हा जन्मात कशावर नेम धरायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मात्र हे ठरवल्यापासून कॅमेऱ्याला हात लावायचं त्याला धाडस होईना. सीमेवर गोळी खाल्लेला माणूस पिशवीच्या चेनीला भीत होता.

शेवटी रेश्मानं वडूजला तानाजीला फोन लावला. "आवं तानाजीकाका, मामांनी दोन क्यामेरं आणल्यात आन् कोपऱ्यात ठिवल्यात. दोन दिस झालं, नुसतं बगत बसल्यात. तुमी या बाबा."

तानाजी लालासाहेबाचा फौजेतला जोडीदार. एका बराकीत झोपलेले, एका ताटात जेवलेले. त्यानं मेंढरं पोराच्या हवाली केली, कराडला एसटी बदलली आणि सोमवारी दिवस कलता कलता शिराळ्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून तरातरा लालासाहेबाच्या वस्तीवर आला. पाणीसुद्धा न पिता त्यानं पिशवी उघडली.

"कुटला घ्यायचा म्हनतोस?"

"बगू."

"बगू काय? लिवलंय की हितं. ह्यो मोठा चोवीस मेगापिक्सल, ह्यो बारका बारा. चोवीस आन् बारा, ह्यात इचार कसला करायचा?" तानाजीनं बारका उचलून कानाशी हलवला. आतून खुळखुळ आवाज आला. त्यानं पुन्हा हलवला, पुन्हा खुळखुळ. "आयला! आत कायतरी सुटलंय रं. दुकानदारानं गंडवलं तुला गड्या. ह्यो क्यामेरा न्हाई, खुळखुळा हाय. बारक्या पोराच्या हातात द्यायचा."

लालासाहेबाला मनातून बरं वाटलं. एक मोडका निघाला, दुसरा आकड्यानं जिंकला, म्हणजे परीक्षेची भानगडच मिटली. "मग मोठाच ठिवू," तो म्हणाला.

"आन् झिरो न करता?" तानाजीनं डोळे वटारले. "लाला, तू म्हातारा झालास का येडा झालास?"

आता ज्याला फौजेची हवा लागलेली नाही त्याला हे सांगायला हवं. रायफल नवी असो वा जुनी, तिची आधी चांदमारी करायची आणि ती नेमाला लावून घ्यायची, म्हणजेच झिरो करायची. चांद, म्हणजे नेमासाठी एकात एक गोल, काढायचा, ठरलेल्या अंतरावरून त्यावर पाच गोळ्या झाडायच्या, आणि पाचही भोकं किती जवळ पडली ते बघायचं. त्याला ग्रुपिंग म्हणतात. भोकं जवळजवळ पडली तर रायफल चांगली, विखुरली तर रायफल तरी वाईट नाहीतर नेमबाज तरी. लालासाहेब गोळ्या झाडायचा तेव्हा तानाजी समोरच्या खंदकात चांदाखाली बसून निशाण दाखवायचा. नेम हुकला की झेंडा हलवून ओरडायचा, "वॉशआऊट!" लालासाहेबाच्या वेळी तो झेंडा गुंडाळूनच ठेवायचा.

तानाजीनं चुलीतला कोळसा घेतला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर एकात एक गोल काढले, मधोमध एक ठिपका. ऊन डोंगराआड गेलं होतं. पावलं टाकून त्यानं अंतर धरलं, टाचेनं मातीत रेघ मारली, खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला आणि भिंतीशेजारी जाऊन उभा राहिला.

"तूच काढ की फोटू," लालासाहेब म्हणाला.

"मी चांदाखालचा मानूस. नेम तुजा. पाच राउंड, लोड!"

पळायला वाट नव्हती. लालासाहेबानं मोठा कॅमेरा उचलला, कोपर बरगडीला टेकवलं, श्वास अर्धा सोडून धरला. शरीराला सगळं आठवत होतं, फक्त हातांना आठवत नव्हतं. नळीच्या टोकाला भिंतीवरचा चांद भोवऱ्यासारखा गरगरत होता. त्यानं कसेबसे पाच फोटो काढले.

तानाजी पळत आला, लालासाहेबाच्या हातातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबून एकेक फोटो मोठा करून बघायला लागला. चोवीसच्या चोवीस मेगापिक्सलमध्ये नुसता कोळशाचा गुंता होता. एका गोलाचे तीन झाले होते, ठिपक्याची रेघ झाली होती. तानाजीनं जुन्या सवयीनं टॉवेल वर केला आणि खणखणीत ओरडला, "वॉशआऊट!"

ओरडून हसला. मग त्याची नजर कॅमेरा धरलेल्या हातांवर गेली आणि हसू तोंडातच राहिलं. हात खिशात लपवता येईनात, कॅमेरा मध्ये होता. लालासाहेबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर त्यानं हे जगापासून लपवलं होतं ते खरं तर या एका माणसापासूनच.

"कवापासनं?" तानाजीनं हळू विचारलं.

"दोन वरसं झाली."

"आन् मला बोल्ला न्हाईस?"

"काय बोलू? लाल्याचा नेम ग्येला म्हून सांगू?"

तानाजीनं टॉवेल खांद्यावर टाकला, खोलीच्या पायरीवरून बारका कॅमेरा आणला आणि लालासाहेबाच्या पुढ्यात धरला.

"त्यो मोडकाय," लालासाहेब म्हणाला.

"मोडका तर मोडका. पाच राउंड ह्येचंबी. अर्धी चांदमारी करून मानूस उठतो व्हय?"

लालासाहेबानं तो घेतला, नुसतं तानाजीचा शब्द मोडवत नाही म्हणून. डोळा लावला तर इथंही तेच, चांद गरगरतोय. चालू झाल्यापासून खुळखुळ मात्र थांबली होती, तिकडं त्याचं लक्ष गेलं नाही. पाच वेळा बटण दाबलं आणि न बघताच कॅमेरा तानाजीच्या हातात देऊन विहिरीच्या कठड्याकडं तोंड करून उभा राहिला.

मागून आवाज येईना. वॉशआऊट नाही, हसणं नाही, शिवी नाही. त्यानं वळून बघितलं. तानाजी कॅमेऱ्यावर ओणवा झाला होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

"लाला," तो म्हणाला, "हिकडं ये."

फोटोत चांद होता. एकच. गोल सुटे सुटे, मधला ठिपका ठिपक्यासारखा. तानाजीनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. चुन्याला गेलेला बारीक तडा दिसला, कोळशाचे अडकलेले कण दिसले, आणि आतल्या गोलाच्या कडेनं चाललेली एक मुंगी दिसली, पायांसकट. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही. चौथा जरासा हललेला, पाचवा पुन्हा लख्ख.

"तू भिंतीला टेकला हुतास?"

"कुटली भित? तुज्यासमोर तर हुबा हुतो."

त्यांनी पुन्हा काढले. गुडघ्यावर बसून काढले, पालथं पडून काढले, पुन्हा मोठ्यानं काढले, पुन्हा बारक्यानं. मोठा प्रत्येक वेळी गुंता देई, बारका प्रत्येक वेळी मुंगीच्या वाटेवरचे कण मोजून देई. उजेड पार उतरायला लागला. लालासाहेबाला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटत होती, कुणीतरी आपली चेष्टा करतंय अशी. शेवटी त्यानं उदयसिंहला फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, हे असं कसं?

उदयसिंह हसला. "काका, तो खुळखुळतोय म्हणून मोडका समजलात ना? सगळे समजतात. त्याच्या पोटात फोटो ज्या पट्टीवर उमटतो ती पट्टी सुटीच ठेवलेली आहे. बंद असला की हलते, वाजते. चालू केला की ती लोहचुंबकावर तरंगते, आणि तुमचा हात जिकडं हलेल त्याच्या उलट हलून घेते. सगळी थरथर नाही घालवत, पण बरीच गिळते. त्या मोठ्यात ती सोय नाही."

फोन ठेवून लालासाहेबानं बारका कॅमेरा कानाशी नेला. तानाजीनंही दुसऱ्या बाजूनं कान लावला. दोघे पांढऱ्या मिशांचे बापे एका कॅमेऱ्याला कान लावून उभे, हे रेश्मा दारातून बघत होती. बटण अर्धं दाबलं की आतून अगदी बारीक गुणगुण येत होती.

"काम चाललंय त्येचं," तानाजी कुजबुजला, देवळात कुजबुजावं तसं.

कुठल्या तरी मुलखात, लालासाहेबाचा हात अजून दगडासारखा होता त्या काळात, कुणीतरी टेबलाशी बसून थरथरत्या हातांचा विचार केला होता. त्यांना औषध नाही दिलं, हलू नका म्हणून दटावलं नाही. नुसतं म्हटलं, तुम्ही हला, आम्ही उलटं हलतो. ज्याला आपण मोडकं म्हणून बाजूला सारलं, ते आपल्यासाठीच सुटं ठेवलेलं होतं. लालासाहेबाचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत, कारण कॅमेरा खाली ठेवावासा वाटत नव्हता.

मंगळवारी सकाळी दव सुकलं तशी कापशी आली. तुटलेल्या उसाच्या रानावर, पाचटाच्या वर, दोन माणसांच्या उंचीवर येऊन ती थांबली. लालासाहेब बांधावर गुडघा टेकून बसला आणि लांब नळीतून त्यानं तिला पहिल्यांदा जवळून बघितलं.

इतकी वर्षं तो म्हणत आला होता की कापशी हवेत स्थिर राहते. कुठली स्थिर? तिचे पंख थरथरत होते. शेपूट हलत होतं, पाय लोंबकळत हलत होते, वारा तिला ढकलत होता आणि ती सगळ्या अंगानं त्याच्याशी भांडत होती. एकटं डोकं तेवढं जागचं हलत नव्हतं. खाली लावलेला तो लाल डोळा जणू आभाळात खिळा मारून बसवला होता. सगळ्या थरथरीच्या वर एवढा स्थिरपणा! लालासाहेब बटण दाबायचंच विसरला. तानाजीनं मागून ढोसलं तेव्हा त्याला शुद्ध आली आणि त्यानं दाबलं, दाबलं, पुन्हा दाबलं. मग कापशी पंख मिटून धोंड्यासारखी खाली गेली आणि पाचटातून काहीतरी घेऊन डोंगराकडं निघून गेली.

बहुतेक फोटोंत नुसतं आभाळ होतं. एकात ती होती.

लालासाहेबानं हाक मारली. गेल्या दोन वर्षांत त्यानं इतक्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. रेश्मा पिठाचे हात पदराला पुसत पळत आली, शेजारच्या रानातली दोन माणसं बांधावर आली. त्यानं सगळ्यांच्या मधोमध दोन्ही हातांनी कॅमेरा पुढं धरला. हात थरथरत होते आणि त्यांच्याबरोबर चौकटीतली कापशीही थरथरत होती, कुणाला नीट बघता येईना. रेश्मानं सवयीनं खालून आधाराला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे, धरू नगंस," लालासाहेब म्हणाला.

तानाजीनं मान वाकडी करून फोटो निरखला. "गड्या, पंख हाललं की रं तिचं. दोनी पंख पार धुरकाट झाल्यात."

"हालू द्यात," लालासाहेब म्हणाला. "तू डोळा बग."