खेळाने ताईला नापास केले

रविवारी जेवताना टेबलाभोवती हशा पिकला की ताई सर्वांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहत असे. ती जन्मापासून कर्णबधिर. "काय झालं?" असे तिने भुवया उंचावून विचारले की धाकटा भाऊ ओठ सावकाश हलवून सांगे, "काही नाही, नंतर सांगतो." हे 'नंतर' तीस वर्षांत उगवले नव्हते. वाचकहो, असे एखादे 'नंतर' आपल्याही घरात असेल.

भाऊ संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर होता. मनाला लागलेली ही गोष्ट त्याने आपल्या विद्येने सोडवायचे ठरवले आणि सांकेतिक भाषा शिकवणारा खेळ रचला. पडद्यावर शब्द येई. खेळणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर त्याची खूण करायची. यंत्र बोटांचे पेर न् पेर टिपून ती साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाही. नमुने साडेतीन हजार होते. कार्यालयातल्या चौदा सहकाऱ्यांनी भिंतीवरचा खुणांचा तक्ता पाहून ते दिले होते. चेहरा टिपताना यंत्र संथ होते म्हणून तो वगळला होता. चाचणीत अचूकता शंभरात शहाण्णव भरली. बुधवारी शाळांची निवड समिती येणार होती. तिने होकार दिला, तर हा खेळ शेकडो वर्गांत पोहोचणार होता.

त्याआधीच्या रविवारी, ताईला चकित करावे म्हणून, त्याने लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. पहिला शब्द आला, 'मदत'. ताईने हसत, सफाईने खूण केली.

'चूक. पुन्हा प्रयत्न करा.'

तिने पुन्हा केली. सात वेळा केली. सातही वेळा चूक!

"ताई, जरा हळू. हात असा ताठ धर," म्हणत भावाने तिचे मनगट धरून वळवले. ताईने हात हिसडून घेतला.

"वा, शालकबुवा!" ताईचे यजमान, भाऊजी, म्हणाले. ते वायरमन होते आणि लग्नाआधीच ताईची भाषा शिकले होते. "आमच्या घरात भांडायचं म्हटलं तरी आधी दिवा लावावा लागतो. पंधरा वर्षं या हातांपुढे माझी बोलती बंद आहे, आणि तुमचं यंत्र म्हणतं, हिला बोलता येत नाही?"

ताईचे हात भराभर चालू लागले. भाऊजी तिचे बोलणे सांगू लागले.

"ती विचारते, नमुने कोणाचे घेतलेस?"

"ऑफिसातल्या लोकांचे."

"त्यांच्यात बहिरं कोण?"

"तसं... कोणीच नाही."

ताई दंतप्रयोगशाळेत कवळ्या बनवत असे. तिने स्वतःच्या जबड्याकडे बोट केले.

"ती म्हणते, कवळी करताना माप रुग्णाच्या तोंडाचं घेतात. तू मित्रांच्या तोंडाचं घेतलंस. आता बसत नाही म्हणून मला सांगतोस, तुझा जबडाच चुकलाय!"

"पण ताई, शहाण्णव टक्के..."

"स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि पहिला नंबर पटकावायचा, होय ना? आणि माझा प्रश्न भुवयांत असतो, माझा नकार मानेत असतो. तू तर मानेपासून वरचं सगळं कापून टाकलंस!"

"मला तुला चकित करायचं होतं गं."

"केलंस की! दर रविवारी मी इथेच असते. एकदा विचारायला काय झालं होतं?"

भावाची मान खाली गेली. वर्षभर त्याने बोटांची मोजमापे घेतली. पण या दोन हातांसमोर तो एक दिवसही बसला नव्हता!

सोमवारी साहेब म्हणाले, "अरे, एका बाईला जमलं नाही, तर एवढं काय? बुधवारी दाखवून टाक. पुढच्या आवृत्तीत सुधारू."

"साहेब, या भाषेत जन्म काढलेलं एकच माणूस आजवर हा खेळ खेळलं, आणि आपण त्याला नापास केलं. म्हणजे आपली अचूकता शंभरात शून्य."

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बहिणीला बुधवारी घेऊन ये."

बुधवारी समितीसमोर भावाने आपली चूक स्वतःच दाखवली. ताईने खूण केली, यंत्राने ती नाकारली, आणि भावाने कारण सांगून सहा महिन्यांची मुदत मागितली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजवर जो आला त्याने चाललेलंच दाखवलं. न चाललेलं दाखवणारे तुम्ही पहिले. घ्या मुदत!"

जुने नमुने पुसले गेले. ताई आणि तिच्या एकोणीस कर्णबधिर मित्रमैत्रिणींनी नवे दिले, चेहऱ्यांसकट. ताईने मान डोलावल्याशिवाय एकही खूण खेळात गेली नाही. सहा महिन्यांनी समितीने खेळ स्वीकारला.

त्या काळात भाऊ रोज सकाळी कामाआधी ताईकडे शिकायला जाऊ लागला. ताई कडक मास्तरीण निघाली. त्याने चेहरा कोरा ठेवला की ती दोन बोटांनी त्याच्या भुवया वर ढकले. "तुझा चेहरा मुका आहे," असे ती म्हणते, हे भाऊजींनी सांगायची गरज आता उरली नव्हती. ते त्याला कळत होते.

वाचकहो, परोपकाराची घाई फार वाईट. ज्याच्यासाठी काही करायचे, त्याला गिऱ्हाईक किंवा दयेचा धनी समजू नका. आधी त्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसा. माप त्याचे घ्या, म्हणजे काम आपोआप नेमके बसेल!