उघडी पाकळी

भरतकामाचं मशीन चालू होतं आणि रघुनंदन शेजारी उभे राहून कापडाच्या कडेचे सुटे धागे कापत होते, तेव्हा फोन आला. मशीनच्या आवाजात त्यांना नीट ऐकू येईना. ते दाराबाहेर गेले. त्यांची बायको अहल्या दोरे आणायला चिकपेटच्या बाजारात गेली होती. तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर ती बसली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपली.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि गेले. मशीन बंद करायचं राहून गेलं. शेजारचे लोक नंतर म्हणाले की बंद घरातून टाक्यांचा आवाज दुपारपर्यंत येत होता. डिझाइन अहल्यानंच सकाळी लावून दिलं होतं. ते पुरं झाल्यावर मशीन आपोआप थांबलं.

तेरावा झाला आणि सत्यवती अक्का आल्या. मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांच्या मुलीचं, भव्याचं लग्न ठरलं होतं. ब्लाउजचं रेशमी कापड त्यांनी आधीच देऊन ठेवलं होतं.

"अण्णा, आत्ता विचारू नये. पण अहल्यानं डिझाइन काढायला घेतलं होतं. संपिगे, सोनचाफा. पाठीवर वेल, गळ्याशी फूल. निम्मं झालंय म्हणाली होती."

"असेल की. शोधतो."

"नाहीतर दुसरीकडं देते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"दुसरीकडं नको, अक्का. तिनं हो म्हटलंय."

शोधणं सोपं नव्हतं. कब्बनपेटेतल्या त्या खोलीत रघुनंदन मशीन बघत आणि अहल्या कॉम्प्युटर, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती. आता त्यांनी फोल्डर उघडला तर पांढऱ्या कोऱ्या पानांची रांग दिसली. खाली नावं म्हणून नुसते आकडे. कुठल्या आकड्यात मोर आहे आणि कुठल्यात कोयरी, ते फक्त तिला ठाऊक होतं. डिझाइन काढायचा तिचा प्रोग्राम पासवर्ड मागत होता. नवीन काही बसवायलाही पासवर्ड लागत होता. दोन्ही तिच्याबरोबर गेले. एकेक फाइल मशीनवर चढवून बघायची म्हटलं तर भव्याला मूल झालं असतं.

रविवारी त्यांची पुतणी सुप्रीता आली. ती सर्जापूर रोडला राहायची आणि महादेवपुऱ्यात नोकरी करायची.

"काका, ट्रॅफिकमध्ये गेलेल्या वेळात मी विमानानं मुंबईला जाऊन आले असते," असं म्हणत तिनं चपला काढल्या आणि थेट कॉम्प्युटरपुढे बसली. थोडा वेळ खटपट केली. "यात आधीपासून जो फाइल मॅनेजर आहे ना, तो आंधळा आहे. फाइल आहे एवढं सांगतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही."

"मग दुसरा बसव."

"पासवर्ड कुठाय? बसवायचाच नाही. पेन ड्राइव्हवरून चालवायचा. भाडेकरू समजा. भिंतीला खिळा मारत नाही, जाताना मागं काही ठेवत नाही."

तिनं तसे तीन फाइल मॅनेजर आणले होते. पहिला लग्नपत्रिकेसारखा रंगीत होता. त्यात फोटो दिसत, भरतकाम दिसत नसे. दुसरा वेगवान होता, पण अक्षर बारीक.

"हा मुंग्यांसाठी केलाय की काय?" रघुनंदन म्हणाले. अहल्या गेल्यापासून पहिल्यांदाच सुप्रीता हसली.

तिसरा राखाडी आणि साधा होता. खिडकीचे दोन भाग. एका भागात फाइलींची नावं, आणि नावावर बाण नेला की दुसऱ्या भागात त्या फाइलीतलं चित्र. तिनं बाण खाली नेला. मोर आला. कोयरी आली. देवळाच्या शिखरांसारखा एक काठ आला, मग शंख, मग पुन्हा मोर. रघुनंदन खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"हाच," ते म्हणाले.

चाफा शेवटी सापडला. वेल होती, चार पानं होती, फुलाच्या जागी काही नव्हतं. पानांची टोकं डावीकडे वळलेली होती. अहल्या डावखुरी होती. हाताने भरायची तेव्हाही तिची पानं तशीच वळत, आणि कॉम्प्युटर आल्यावरही तिनं ती सरळ केली नाहीत.

"निम्मंसुद्धा नाही, काका. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवते. कुणाकडून पुरं करून घेता येतं का बघते."

"सरी, बघ तू. घाई नाही," ते म्हणाले. घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना त्यांनी चाफा उघडला. पानं पाच होती. आपण काल चुकीची मोजली असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पेन ड्राइव्हवरची प्रत उघडली. तिच्यात चार होती.

त्यांनी कप खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले.

त्या संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि भिंतीतला प्लगही काढून ठेवला. सकाळी वेलीच्या टोकाला कळी आली होती. फाइलीची तारीख मात्र बदलली नव्हती. ज्या दिवशी अहल्या चिकपेटला गेली, त्याच दिवसाची होती.

सुप्रीताला त्यांनी फोनवर विचारलं.

"आपोआप सेव्ह होत असेल, काका."

"प्लग काढलेला असताना?"

ती पुढच्या रविवारी पुन्हा आली. तोवर देठ निघून फुलाच्या पाकळ्या उमलायला लागल्या होत्या. तिनं खिडकीच्या डाव्या भागात प्रत लावली, उजव्या भागात कॉम्प्युटरमधली फाइल, आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"तुम्ही शिकलात का हे?"

"मला सुईत दोरा ओवता येतो. तेवढंच."

"काकूचा प्रोग्राम उघडलात?"

"पासवर्ड कुठाय?"

सुप्रीतानं स्क्रीनवरच्या एका पानावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"हेसुद्धा डावीकडेच वळलंय."

"हं."

तिची कॉफी तशीच राहिली. चपला घालताना ती म्हणाली, "तो आधीचाच वापरा, काका. आंधळा असला तरी बरा. पेन ड्राइव्ह मी घेऊन जाते."

"असू दे स्वल्प दिवस."

उंबऱ्याबाहेर जाऊन ती वळली. "भीती नाही वाटत?"

"घरातल्या माणसाची?" असं ते म्हणाले खरे, पण ती गेल्यावर त्यांनी खोलीचं दार उघडंच ठेवलं.

त्यानंतर रोज सकाळी एक पाकळी वाढत गेली. रघुनंदन आता दाढी करून, नवा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसत. आज टोक जरा जास्त वळलंय, असं मोठ्यानं म्हणत. अहल्या असताना त्यांनी तिच्या कामाकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं.

मग वाढ थांबली. एक पाकळी उघडी होती. तिची एकच कड भरलेली होती. दुसऱ्या सकाळी तसंच. तिसऱ्या सकाळीही तसंच.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. अहल्याची ती पद्धतच होती. कुठल्याही डिझाइनमध्ये ती शेवटचा एक तुकडा मोकळा ठेवायची. कापड फ्रेमवर ताणून बसवलं, की येऊन ते हातानं चाचपायची, मग जाऊन तेवढा तुकडा पुरा करायची. आणि पुरं झालेल्याकडे वळून बघायची नाही. मशीनवरून काम उतरल्यावर रघुनंदन हाक मारायचे, "ये बघ, किती छान आलंय." स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "झालं ना? मग आता त्यात माझं काय आहे?"

त्या दिवशी सत्यवती अक्का आल्या.

"सापडलं का, अण्णा?"

"सापडलं."

"देवा! मी तर आशाच सोडली होती. कसं आहे?"

"तिच्या हातचंच आहे. एक पाकळी तेवढी राहिलीय."

"एवढंच ना? मग कापड चढवा की. लग्न दारात आलंय. भव्या रोज विचारते, काकूंचं काम झालं का म्हणून."

"चढवतो."

त्या गेल्यावर त्यांनी कापड काढलं आणि इस्त्री केली. फ्रेमचे स्क्रू सैल करून ठेवले. सुईत जरीचा दोरा ओवला. मग ते कॉम्प्युटरकडे गेले आणि उघड्या पाकळीकडे बघत बसले. खोलीत कापडाचा ऊन वास होता. मागच्या स्वयंपाकघरात भांड्यावर भांडं ठेवल्यासारखा आवाज झाला, मग काही नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्यांनी पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि खिशात ठेवला. राखाडी खिडकी गेली. आधीची खिडकी उघडली तर तिच्यात पांढऱ्या कोऱ्या पानांची रांग होती, सगळी सारखी.

संध्याकाळी सत्यवती अक्कांचा फोन वाजून वाजून थांबला. कापड टेबलावर घडी घालून होतं. ते अजून फ्रेमवर चढवायचं राहिलं होतं.