कपाटाच्या दारातला हात

सासूबाई मांडे करायला बसल्या की आधी त्यांच्या बांगड्या वाजत. पुरणाचा उंडा एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलायचा, पसरत पसरत कोपरापर्यंत यायचा, आणि चुलीचा उजेड त्यातून आरपार दिसायचा. मग एकाच झोक्यात तो तापल्या खापरावर पडायचा. वैशाखातल्या उन्हासारखं होतं त्यांचं सगळं; लख्ख आणि भाजणारं.

माझा उजवा खांदा धरला त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, त्यांनी मला मुद्दाम खापरापुढे बसवलं. हात उचलेना. मांडा फाटून राखेत पडला. चार घरच्या बाया जमलेल्या. सासूबाई हसल्या. "काम उनं का हिना हात दुखस, जेवाले मातर बरा उठस! बठ्ठं नाटक शे."

बाया हसल्या. मी राखेतलं पुरण डाव्या हाताने वेचत राहिले. पण मनात धरलं, की याच हाताचा मांडा त्यांच्या डोळ्यांपुढे खापरावर टाकीन.

माहेरी गेले तेव्हा भावाने धुळ्याला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी माझ्या दोन हातांच्या मधे आरसा उभा केला. दुखरा हात आरशामागे, चांगला पुढे. "ताई, आरशातला हात बघा. तो तुमचा दुखराच आहे असं समजा, आणि दोन्ही हळूहळू उचला. डोळ्यांना दिसलं की मनाची भीती कमी होते." आरशात माझा उजवा हात पाखरासारखा वर गेला. मला रडू फुटलं.

घरी लोखंडी कपाटाच्या दाराला आरसा होता. दार अर्धं उघडून, दुखरा हात त्यामागे घेऊन मी कडेशी उभी राहायची.

"आरसामा काय तोंड दखी ऱ्हायनी?" सासूबाई ओसरीतून विचारत.

"काही नाही, आत्याबाई."

मी तोंड पाहतच नव्हते. आरशातल्या हातावर मांडा झुलताना पाहायची, आणि पलीकडे हसू विझलेला त्यांचा चेहरा. त्या चेहऱ्यासाठी मी कळ सोसली. पावसाळा सरला, कपाशी वेचून झाली, हात खांद्याच्या वर आला. ऐन थंडीत सासूबाई झोपेतच गेल्या. सगळ्या रडल्या. मला नुसता राग आला.

आखाजीला पितरांसाठी भरतात तशी त्यांच्या नावाची घागर भरली. मी खापरापुढे बसले. मांडा कोपरापर्यंत आला, फाटला नाही. त्याच बाया बघत होत्या. त्यांच्या वाट्याचा पहिला घास मी निखाऱ्यावर टाकला आणि मनात म्हटलं, खा आत्याबाई, नाटकी हाताचा आहे. तूप चरचरलं, धूर आढ्याला गेला.

अजून कपाटाचं दार उघडलं की हात आपोआप वर जातो. खांद्याची कळ आरशाने फसली, पण गेलेलं माणूस कशानेच फसत नाही. ते जाताना डोळे मिटून घेतं आणि आपलं हसणं तेवढं मागे राहिलेल्यांजवळ ठेवून जातं.