तिखट चालेल?

दादाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. चहा कोरा चालेल? चालेल. पंख्याखालची जागा नाही, कोपऱ्यातली चालेल? चालेल. त्याची बायको होती तोवर चारचौघांत सांगायची, "आमच्याकडे सगळं चालतं, धावत मात्र काही नाही." लोक हसायचे आणि दादाही त्यांच्यात सामील व्हायचा.

आता दादाची बाजूही ऐकून घ्या. उभा जन्म त्याने लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. त्या धंद्यात हा शब्द तोंडातून उगाच काढायचा नसतो. दोर बघायचे, ब्रेक बघायचा, रिकामी लिफ्ट वरखाली करायची, मग वजन भरून, मग स्वतः आत उभं राहून. एवढं सगळं मनासारखं झालं की हाताचं ग्रीस पुसत इमारतीच्या मॅनेजरला सांगायचं, "चालेल." म्हणजे आता खुशाल लेकराबाळांना घेऊन चढा. त्याच्या लेखी याच्यावर शब्द नव्हता. पण हे झालं त्याच्या लेखी. बाकीच्या जगात 'चालेल' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरं काही नसेल, तर हे आण.

त्याची धाकटी बहीण बारकी. लहानपणी काडीसारखी होती म्हणून बारकी. पुढे गुडघे कुरकुरायला लागण्याइतकी भरली, तरी नाव काही बदललं नाही. रक्त तपासायच्या लॅबमधून निवृत्त झालेली, नवरा नुकताच गेलेला, मूलबाळ नाही. दोघं भेटायची दर रविवारी दुपारी, भाजीबाजाराच्या मागे, चायनीजच्या गाडीवर. घरी का नाही म्हणाल, तर दादाचं घर अगदी वरच्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाडीवरच्या बाईला सगळा बाजार मावशी म्हणायचा. तिची कढई काळीकुळकुळीत, जाळ हातभर उंच, आणि झारा ती असा आपटायची की जणू कढईशी तिचं जुनं वैर आहे. मूठभर कोबी, मूठभर गाजर, वरून नूडल्स, मग सॉसची बाटली दोनदा झटकायची आणि डोळ्यांत जाणारा धूर. "तिखट चालेल?" मावशी विचारायची. "चालेल," दादा म्हणायचा आणि मग नाक पुसत, पाणी पीत, कसंबसं ताट संपवायचा. त्याला तिखट सोसत नाही हे बारकीला पक्कं ठाऊक होतं. ती दादाच्या पाठीमागून मावशीला हाताने खूण करायची, याचं कमी टाका.

एका रविवारी बारकीने खाण्याला हातच लावला नाही. नुसती काट्याने नूडल्स गुंडाळत आणि सोडत बसली.

"मालकाने घर मागितलंय," ती म्हणाली. "महिनाअखेर सोडायचंय."

"मग?"

"ह्यांची भाची बोलावतेय. तिला जुळं झालंय ना. मामी, तू आमच्याकडेच ये म्हणते. पण तिकडे मी कधी राहिले नाही, ओळखीचं कोणी नाही." मग ताटात बघतच तिने विचारलं, "दादा, मी तुझ्याकडे राहायला आले तर?"

दादाच्या तोंडात नूडल्सचा घास. पलीकडे मावशीचा झारा दणदणतोय. आणि या माणसाच्या मनात काय चाललं होतं म्हणाल, तर हिचं शिलाई मशीन खिडकीशी ठेवू, म्हणजे हिला उजेड मिळेल. मागची खोली रिकामी करू. जिन्याला कठडा बसवू, हिचे गुडघे आहेत. बायको गेल्यापासून घरात कुणी हाक मारलेली नव्हती. आता सकाळी उठल्यावर कोणीतरी 'दादा' म्हणेल. त्याला इतका आनंद झाला की तो बहिणीकडे बघूही शकला नाही. खाली मान घालून त्याने घास गिळला आणि म्हणाला, "चालेल."

आणि व्हिनेगरच्या बाटलीकडे हात नेला.

बारकी त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. आणखी काही येईल म्हणून थांबली असणार. "तुझी अडचण नाही ना होणार?"

"छे. चालेल की."

"बरं. बघते," ती म्हणाली.

आपल्याकडे 'बघते' म्हणजे काय हेही खरं तर सगळ्यांना कळतं. दादाला नाही कळलं. त्याने तो होकार समजला आणि घरी जाताना रंगाच्या दुकानात शिरला.

तो आठवडाभर राबला. मागच्या खोलीतल्या लिफ्टच्या जुन्या मोटारी आणि पेट्या भंगारात दिल्या. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. बारकीचा हात कुठवर पोचतो ते आठवून खुंटी खाली घेतली. शेजाऱ्यांची परवानगी काढून जिन्याला तळापासून वरपर्यंत कठडा बसवला, आणि मधल्या वळणावर टेकायला एक बाक. एकदा फोन करून सांगावं, एवढं काही त्याला सुचलं नाही. काम पुरं होईपर्यंत गिऱ्हाईकाला दाखवायचं नाही, ही त्याची जन्मभराची सवय. अरे बाबा, पण बहीण म्हणजे गिऱ्हाईक का?

पुढच्या रविवारी बारकी आधीच येऊन बसली होती.

"दादा, मी भाचीला हो म्हटलं. सामान काल गेलं, मी परवा निघते." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, अगदी टक लावून. "चालेल ना तुला?"

दादाला म्हणायचं होतं, नको जाऊस, एवढे दोन शब्द. पण ती ठरवून मोकळी झालेली, सामान गेलेलं, तिकडे लहान पोरं वाट बघतायत. आता आपण आडवं कसं यायचं? जिभेला एकच वाट माहीत, ती त्याच वाटेने गेली.

"चालेल," तो म्हणाला.

बारकीने मान हलवली. मावशीने कढईत तेल ओतलं. त्या दिवशी तिखट कमी टाका म्हणून खूण करायचं बारकीच्या लक्षात राहिलं नाही, आणि दादाने पुरं ताट खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं तर कोणाला काही वाटलं नाही. तिखटच तसं होतं.

थंडी सरता सरता बारकी बँकेच्या कामाला एका दिवसापुरती आली. भाची कामावर जाते, पोरांना सांभाळायला दुसरं कोणी नाही, संध्याकाळच्या बसने परत निघायलाच हवं. भेटायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. गाडीवर गर्दी होती. कोणाच्या तरी कोपराचा धक्का लागला आणि लाल चटणीची वाटी बारकीच्या अंगावर पडली, गळ्यापासून कमरेपर्यंत.

"असं बसमध्ये कसं बसणार?" दादा म्हणाला. "घरी चल, धुऊन काढू."

ती कठड्याला धरून चढली. "हा नवीन दिसतोय," म्हणाली. वळणावर बाकावर टेकून तिने दम घेतला. वर आल्यावर दादा साबण शोधायला गेला आणि ती टॉवेलसाठी मागच्या खोलीत शिरली.

बराच वेळ आवाज नाही म्हणून दादा बघायला गेला. ती दारातच उभी होती. पिवळ्या भिंती, नवी गादी, खिडकीशी टेबल आणि त्यावर काहीच नाही. तिने खुंटीकडे हात नेला. हात सरळ पोचला.

"हे कोणासाठी केलंस?"

"कोणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी."

"कधी?"

"तू विचारलंस ना गाडीवर, त्याच आठवड्यात."

बारकी गादीवर बसली. चटणीचा डाग तसाच. "मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो की. चालेल म्हणालो."

"तुला तिखटसुद्धा चालतं, दादा," ती म्हणाली. "मला वाटलं, मी पण तशीच. नाही कसं म्हणायचं म्हणून गिळशील. दोन्ही वेळा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. एकदा जरी म्हणाला असतास ना, ये म्हणून."

दादाने रिकाम्या टेबलावर हात ठेवला. मग म्हणाला, "मला तू हवी होतीस. खूप हवी होतीस. मला बोलता नाही आलं."

"आता पोरं माझ्याशिवाय झोपत नाहीत," बारकी म्हणाली. "आता नाही रे जमायचं."

तिने कुर्ता धुतला आणि दादाचा शर्ट घालून बसली. कुर्ता खिडकीत वाळेपर्यंत जरा पाठ टेकते म्हणाली आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली. लहानपणी झोपायची तशी, हात गालाखाली घेऊन.

दादा दारापाशी जमिनीवर बसला. कुर्ता वाळला. बाहेरचं ऊन उतरलं. बस सुटायची वेळ जवळ येत चालली आणि त्याला कळलं की आता काही बोलायचीही गरज नाही. नुसतं गप्प बसलं तरी ती आज रात्री इथे राहील. गप्प बसणं तर त्याला कधीच जड गेलं नव्हतं.

तो उठला. त्याने तिच्या खांद्याला हात लावला. "बारके, ऊठ."

तिने डोळे किलकिले केले. आपण कुठे आहोत ते तिला उमगलं नसावं. "सकाळ झाली का रे दादा?" तिने विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "बस आहे तुझी."